‘ठेवली’ला ‘दिली’ न म्हणणाऱ्या रेमीबाई

…नाही, ‘प्रेमळ’ हा शब्द चुकीचा आहे असं मी म्हणत नाहीये. परवा या गौरवग्रंथाच्या मीटिंगमध्येही मी हेच सांगत होते. रेमीबाई प्रेमळ आहेतच, पण तेवढंच लिहिलं तर आपल्या बाई त्यात सापडणार नाहीत. मी त्यांच्याकडून जे शिकले ते प्रेमापेक्षा जरा कडक आहे, आणि खरं सांगू का, त्याचा मला अजूनही त्रास होतो. संपादक काका म्हणाले, “मग तेच लिही की.” म्हणून लिहितेय. माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियमचं, त्यामुळे जशी बोलते तशीच भाषा येईल. मोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

रेमेडिया परेरा, म्हणजे आपल्या रेमीबाई, यंदा पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. राजोडीच्या रस्त्यावरचं आपलं शिशुगृह त्यांनी चाळीसहून जास्त वर्षं सांभाळलं. आईवडील नसलेली, किंवा आईवडिलांना सांभाळता न आलेली, सहा वर्षांपर्यंतची मुलं इथे राहतात आणि इथून दत्तक जातात. बरीचशी आपल्याच देशात, काही परदेशात. मी इथे केस वर्कर आहे. मुलांच्या फाइली तयार करायच्या, दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर चढवायच्या, त्यांच्या दिल्लीच्या ऑफिसला उत्तरं द्यायची, हे माझं काम.

मी पहिल्यांदा आले ती इंटर्नशिपसाठी. विरारहून स्कूटीवर, केस पिंजारलेले, डोक्यात भलत्या कल्पना. मला इंटरनॅशनल अडॉप्शनमध्येच काम करायचं होतं. म्हणजे एअरपोर्ट, फुगे, रडणारे आनंदी लोक. बाईंनी मला बसवलं, एक जुनी फाइल समोर ठेवली आणि म्हणाल्या, “हा आईचा जबाब. मोठ्याने वाच.” हाताने लिहिलेलं मराठी. मी अडखळत अडखळत अर्ध्या पानाला दहा मिनिटं घेतली. कानाची पाळी लाल झाली होती माझी.

“इंग्लिश मीडियम का?” बाईंनी विचारलं.

“हो. सॉरी.”

“सॉरी कशाला? हळू वाचशील, म्हणजे नीट वाचशील. इथे भरभर वाचणारे खूप येऊन गेले.”

दारात तुळसामावशी उभ्या होत्या. त्या अर्नाळ्याच्या, मुलांना सांभाळतात. त्यांनी त्याच दिवशी माझं नाव ‘इंग्लिश’ ठेवलं. अजून तेच आहे. “ए इंग्लिश, पोराचं लंगोट बदल, की त्यालापन फॉर्म लागतो?”

बाईंच्या कामाची एक पद्धत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या फाइलसोबत त्या एक जास्तीचा कागद पाठवतात. हा कागद कुठल्याच नियमात नाही. त्यात त्या मुलाचे शब्द असतात. मूल काय म्हणतं आणि त्याचा अर्थ काय. जेवणाला काय म्हणतं, भीती वाटली तर काय म्हणतं. म्हणजे तिथल्या आईबाबांना पहिल्या दिवसापासून कळावं.

मी पहिल्यांदा असा कागद टाइप केला तो रेशमासाठी. (नाव बदललंय. या लेखातल्या तिच्या आईचं तर मी नावच लिहीत नाही.) रेशमा तेव्हा पाच वर्षांची होती. तिचा डावा पाय आखूड, त्यामुळे त्या पायात जाड तळव्याचा बूट. त्या बुटाला ती ‘डाबू’ म्हणायची, डावा बूट म्हणून. मी लिहिलं: डाबू म्हणजे तिचा स्पेशल शू. पाणी म्हणजे वॉटर. बाईंनी कागद परत दिला.

“रेशमा पाणी म्हणते?”

“नाही, ती तुळसामावशींसारखं पानी म्हणते. पण ते चुकीचं आहे ना, म्हणून मी करेक्ट केलं.”

“ते बिचारे तिकडे आरशासमोर उभे राहून ‘पाणी, पाणी’ पाठ करतील. ही मागेल पानी. ते एकमेकांकडे बघत बसतील, आणि पोर तहानलेली. तिचा शब्द तिचाच राहू दे. आपण कोण करेक्ट करणाऱ्या?”

मी हसले आणि बदललं. मला वाटलं, म्हातारपणाची हौस आहे. त्यामागे काय होतं ते मला नंतर कळलं, आणि तेही बाईंनी नाही, तुळसामावशींनी सांगितलं.

बाई विशीत असताना इथे नर्स म्हणून लागल्या. तेव्हा नियम फार नव्हते. परदेशातली जोडपी संस्थेला थेट पत्र लिहायची, फोटो पाठवायची, कोर्टातून कागद झाला की मूल विमानात. मिठागरावर काम करणारी एक आई आपली तान्ही मुलगी घेऊन आली होती. तेव्हाच्या इनचार्जनी तिचा जबाब लिहिला, “मी माझी मुलगी दिली.” तिने अंगठा लावला. मुलगी काही महिन्यांत गेली. वर्षभराने ती आई परत आली, पोरीसाठी फ्रॉक घेऊन. दार उघडलं ते रेमीबाईंनी.

“पोर ठेवली होती ना, बाय,” ती म्हणाली. “आता नेते. भात झालं घरात.”

तिने ‘दिली’ म्हटलंच नव्हतं. ती ‘ठेवली’ म्हणाली होती. लिहिणाऱ्याला वाटलं एकच. आपल्याकडे शेजारी मूल ठेवतात, मामाकडे ठेवतात, बोर्डिंगला ठेवतात. ठेवलेलं मूल न्यायला आई येतेच ना. बाईंनी त्या बाईला आत बसवलं आणि सांगितलं. पुढचं तुळसामावशींनाही माहीत नाही, कारण बाई तिथून पुढे कधी बोलत नाहीत.

म्हणून जेव्हा पुढे कडक नियम आले, तेव्हा इतर संस्थांचे लोक वैतागले, आणि बाई खूश झाल्या. आता आईने मूल दिलं तर बालकल्याण समितीसमोर द्यावं लागतं. नंतर दोन महिने तिला विचार बदलता येतो. त्यानंतरच मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं होतं. मग पोर्टल. आधी देशातल्या कुटुंबांना दाखवायचं, कोणी घेतलं नाही तर परदेशातल्या. मग दिल्लीची शेवटची परवानगी, मग पालघरला कलेक्टर ऑफिसची ऑर्डर, मग पासपोर्ट. कोणी कुरकुर केली की बाई म्हणायच्या, “हे सगळे नियम त्या फ्रॉकवालीने केलेत असं समजा.” मी तर लगेच फॅन झाले. सगळ्या सर्क्युलर्सना कलर कोड, वेगळे फोल्डर, सगळं. मला वाटायचं, नियम नीट पाळले की सगळं नीट होतं.

आता रेशमाचं सांगते.

रेशमाची आई चांदीप गावाकडे शेतावर मजुरीला होती. नवरा सोडून गेलेला. रेशमा तीन वर्षांची असताना तिने तिला इथे आणलं. समितीसमोर छापील फॉर्म झाला. त्यात एक रिकामी जागा असते, आईने स्वतःच्या शब्दांत सांगायची. ती बोलली, बाईंनी जसंच्या तसं लिहिलं, “पाय नीट होईल म्हणून पोरगी इथे ठेवली.” दोन महिने गेले, आई आली नाही, मुलगी मोकळी झाल्याची ऑर्डर निघाली. त्या एका ओळीकडे कोणी बघितलं नाही. छापील मजकूर स्पष्ट होता ना, खाली सहीही होती. बाई म्हणतात, “मी बघायला हवं होतं. लिहिलं मी, आणि थांबले नाही मी.” त्यांनी ही चूक कधी दुसऱ्यावर ढकलली नाही.

देशातल्या कुटुंबांनी रेशमाचा प्रोफाइल उघडला आणि बंद केला. पाय बघितला की बंद. दोन वर्षं असंच. मग युरोपातल्या एका छोट्या देशातल्या जोडप्याने तिला निवडलं. ती शाळेत शिकवते, तो सुतार. त्यांनी एक आल्बम पाठवला: घर, कुत्रा, रेशमासाठी रंगवलेली खोली. सुताराने एक जिना बनवला होता, त्याच्या पायऱ्या मुद्दाम कमी उंचीच्या. व्हिडिओ कॉलवर तो माणूस मला दोनदा म्हणाला, “डाबू.” उच्चार अगदी बरोबर.

शेवटच्या परवानगीसाठी सगळी जुनी कागदपत्रं इंग्लिशमध्ये लागतात. ट्रान्सलेशन माझ्याकडे. आणि त्या ओळीशी मी थांबले. एवढं मराठी मला आता यायला लागलं होतं.

मी बाईंकडे गेले. दुपारची वेळ, मुलं झोपलेली.

“बाई, इथे ‘ठेवली’ आहे.”

त्यांनी चष्मा लावला. त्या ओळीवर बोट ठेवलं. “इंग्लिशमध्ये काय लिहिशील?”

“गेव्ह लिहिते. गेव्ह अप. बाकी फॉर्म तोच सांगतोय ना.”

“गेव्ह म्हणजे दिली.”

“मग लेफ्ट लिहू? लेफ्ट चालेल, बाई. परफेक्ट आहे. कोणी क्वेरी काढणार नाही.”

“लेफ्ट म्हणजे ठेवली की सोडली?”

“दोन्ही होतं.”

“मग नको. तिने दोन्ही नाही म्हटलं. एकच म्हटलं.”

मी खूप बोलले. म्हटलं, आई दोन वर्षांत फिरकली नाही. मुलगी वाट बघतेय, म्हणजे बघतेय हे तिला माहीत नाही, पण बघतेयच ना! एक शब्द आहे, बाई. ट्रान्सलेशन माझं आहे, माझ्या नावावर जाऊ दे. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “ऋतू, तुझं इंग्लिश चांगलं आहे. म्हणूनच मी तुला ते खोटं वापरू देणार नाही. केप्ट लिही.”

मी ‘केप्ट’ लिहिलं. सोबत बाईंनी स्वतःच्या सहीचं पत्र जोडलं, की आईच्या मनात काय होतं ते पुन्हा विचारणं गरजेचं वाटतं. दिल्लीहून उत्तर आलं तेही तेच: आईचा शोध घ्या, संमती पुन्हा तपासा, तोपर्यंत फाइल थांबेल. तिथे फोनवर बोलणारी मुलगी माझ्याच वयाची असेल. ती म्हणाली, “मॅम, आय ॲम सो सॉरी, लेकिन ये तो पूछना पडेगा.” तिचं काहीच चुकलं नव्हतं. कोणाचंच नव्हतं, हेच तर लिहिताना अवघड जातंय.

आई सापडायला पावसाळा गेला. तिने दुसरं लग्न केलं होतं, गाव बदललं होतं. बाई गुडघ्यांना पट्टे बांधून माझ्या स्कूटीवर मागे बसून तीन वेळा गेल्या. तिसऱ्या वेळी ती भेटली, भाजीच्या वाफ्यात. बाईंना बघून तिने पदर तोंडाला लावला.

“पोर दिली होतीस का तू?” बाईंनी सरळ विचारलं.

“दिली कुठे? ठेवलीच होती.” मग हळू आवाजात, “पन आता कशी आनू? ह्याला म्हाईत नाय मला पोर हाय ते.”

बाई तिच्याशेजारी बांधावर बसल्या. पंच्याहत्तरीला आलेली बाई, मातीत. त्यांनी तिला समजावलं नाही, हे मला विशेष सांगायचंय. तिकडचं घर किती छान आहे, मुलीचं कल्याण होईल, असलं काही नाही. फक्त एवढंच सांगितलं की ‘ठेवली’ असशील तर ती तुझीच आहे, नेऊ शकतेस, मदत करू. आणि ‘दिलीस’ तर ती लांब जाईल, दुसऱ्या देशात. घाई नाही.

चार दिवसांनी ती एकटीच आली. चप्पल दाराबाहेर काढून उभी राहिली. समितीसमोर तिला पुन्हा विचारलं, आणि ती म्हणाली, “दिली.” एवढंच. मी त्या खोलीत होते. तो शब्द एखाद्याच्या तोंडून निघायला किती वेळ लागू शकतो, हे मला आधी माहीत नव्हतं. आधी मी तो टाइप करायला निघाले होते.

पुन्हा दोन महिने थांबणं आलं. नियमच तो. फ्रॉकवालीचा नियम.

त्यातले पाच आठवडे झाले आणि ईमेल आला. त्या देशाच्या सरकारने बाहेरच्या देशांतून मुलं दत्तक घेणं बंद केलं होतं. कारण ऐकून मला हसावं की रडावं कळेना: पूर्वी वेगवेगळ्या देशांतून काही मुलं खोट्या कागदांवर नेली गेली होती, आईबापांची खरी संमती नसताना. चौकशी झाली, आणि त्यांनी दारच लावलं. ज्यांच्याकडे शेवटची परवानगी होती ती प्रकरणं पूर्ण होतील, बाकीची नाहीत. आपल्याकडे ती नव्हती.

मी बाईंना वाचून दाखवलं, मराठी करत करत. जोडप्याचं पत्रही होतं. शाळेत शिकवणाऱ्या त्या बाईने शेवटी विचारलं होतं की खोली तशीच ठेवली तर चालेल ना, कोणाला वाईट वाटणार नाही ना.

तेव्हा मी ओरडले. या ग्रंथात हे लिहू नये कदाचित, पण ओरडले. “एका शब्दासाठी, बाई! लेफ्ट लिहिलं असतं तर ती आज तिकडे असती!” मुलं जागी झाली. तुळसामावशी आत आल्या, आणि पोरांना थोपटायला लागल्या.  बाई उठल्या, रेशमाजवळ गेल्या, तिच्या डाबूची नाडी सुटली होती ती बांधायला खाली वाकल्या. रेशमाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवून तोल सांभाळला. बाईंना वर उठायला फार वेळ लागला. मला वाटलं गुडघे.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर केळीच्या पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, होती, आणि बाईंची चिठ्ठी: “राजीनामा लिहायचा असेल तर मराठीत लिही. मी तपासून देईन.” मी चिठ्ठी वाचून हसले आणि मग खूप रडले. राजीनामा लिहिला नाही.

तो आल्बम बाईंनी रेशमाला दाखवलाच नव्हता. शेवटची ऑर्डर हातात आल्याशिवाय मुलाला फोटो दाखवायचे नाहीत, हा त्यांचा स्वतःचा नियम. मला तेव्हा तो निष्ठुर वाटायचा. त्यामुळे रेशमाला आपलं काय गेलं ते माहीत नाही. तिला फक्त एवढंच कळलं की सहा वर्षांची झाल्यावर तिला मोठ्या मुलींच्या बालगृहात जावं लागलं, कारण आपलं लायसन्स सहापर्यंतचं. आता ती सातची आहे, दुसरीत. पोर्टलवर पुन्हा नाव आहे, पण मोठ्या मुलांचा प्रोफाइल कोण उघडतं? दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की बाई तिला भेटायला जातात. बूट लहान झाला का ते अंगठा दाबून बघतात. मी सोबत जाते. स्कूटी माझी आहे ना.

संस्थेचं म्हणाल तर आता परदेशच्या फाइली फार कमी येतात. एकेक देश हात आखडता घेतोय. आमच्याकडे पाळणे रिकामे आणि कपाटं जुन्या फाइलींनी भरलेली, अशी गंमत आहे. नवीन लोक विचारतात, हे बंद व्हावं की चालू राहावं? बाई म्हणतात, “मला पोराचं विचारा, धोरणाचं विचारू नका.”

आणि आता शेवटचं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

गेल्या महिन्यात रेशमाची आई आली होती. बाजारात आली होती, तशीच वळली. आत नाही आली, फाटकापाशीच उभी. बाई बाहेर गेल्या, मी मागे.

“बाय,” तिने विचारलं, “पोचली का माझी पोर?”

बाईंनी क्षणभरही वेळ घेतला नाही. “नाही गं. नाही गेली. त्यांच्या सरकारने बंद केलं. इथेच आहे ती, शाळेत जाते.”

 तिच्या पिशवीतून मेथीची जुडी अर्धी बाहेर आली होती, ती तिने आत ढकलली. मग म्हणाली, “मग मी दिली कशाला?”

 प्रत्येक शब्द नीट लिहिणाऱ्या आमच्या बाईंनी तिचा हात धरला आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या, रस्त्यावरचे रिक्षावाले बघत होते तरी.

बाई, तुम्ही हे वाचणार आणि म्हणणार, “माझ्यावर लिहायचं तर आनंदाचं लिहायचं.” सॉरी, मला एवढंच खरं येतं. रेशमा अठरा वर्षांची झाली की तिला स्वतःची फाइल मागता येते, आणि ती मागेल, मला माहीत आहे. तेव्हा तुम्ही शहाऐंशीच्या असाल. तिच्यासमोर बसून ती ओळ कोणी वाचून दाखवायची तर ती तुम्हीच. म्हणून गुडघे सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या, स्कूटीवर मागे नीट धरून बसा. तुम्हाला खूप खूप आयुष्य मिळो, आणि तेही चालतं-फिरतं, ओरडतं आयुष्य. हे आम्ही तुमच्यासाठी मागतोय, पण खरं म्हणजे आमच्यासाठीच.

आणि हा ग्रंथ हातात घेतलेल्या तुम्हा सगळ्यांना, जे बाईंना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं ओळखता, मला एक विचारायचंय. ती आई पुन्हा येईल. फाटकापाशी त्या दिवशी तुम्ही असता, तर तिला काय सांगितलं असतं?